माण-आटपाडी-जतच्या जिराईत रानात माती कशी राखायची: कामांचा क्रम

महाबळेश्वरला वर्षाला 5,500 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात पूर्वेला म्हसवड-दहिवडीकडे तो जेमतेम 500 च्या आसपास येतो. माण, खटाव, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, जत हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. पाऊस कमी ही अर्धीच अडचण. मृगात थोडं भुरभुरतं, मग महिना-महिना उघडीप, आणि उत्तरा-हस्तात एका संध्याकाळी सगळं आभाळ कोसळतं. ते पाणी रानात थांबलं तर शाळू (रब्बी ज्वारी) पिकतो. ओढ्याला गेलं तर जाताना माती घेऊन जातं.

हिशोब साधा आहे. एका एकरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 4,000 लिटर पाणी, आणि 25 मिलिमीटरची एक सर म्हणजे 1 लाख लिटर. उलट बाजूनं बघा: एका एकरावरून फक्त 1 मिलिमीटर मातीचा थर वाहून गेला, तर जवळजवळ दीड ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट), म्हणजे 5 टनांच्या आसपास माती गेली. आणि वाहून जाते ती वरची, बारीक, खत खाल्लेली माती.

म्हणून नव्यानं जिराईत शेती करणाऱ्यानं एक क्रम पक्का धरावा: आधी उतार आणि बांध, मग शेणखत, त्यानंतर मशागत आणि पेरणी. बरेच जण उलटं करतात. पहिल्याच वर्षी खतावर, जिवाणूंच्या बाटल्यांवर खर्च होतो आणि सप्टेंबरच्या एका पावसात तो सगळा खर्च बांध फोडून खालच्या शेजाऱ्याच्या रानात जातो.

1. खड्डा घ्या, मग नमुना

मार्च-एप्रिलमध्ये शाळूची काढणी झाली की रानात वर, मध्ये आणि उताराच्या तळाला असे तीन खड्डे घ्या, प्रत्येक 2 फूट लांब-रुंद आणि मुरूम लागेपर्यंत खोल. माती कुठे संपते आणि मुरूम कुठे सुरू होतो ते टेपनं मोजा. 30 सेंटिमीटरपर्यंत माती असेल तर जमीन हलकी, 60 पर्यंत मध्यम, त्याहून खोल असेल तर भारी. एकाच गटात वरच्या टोकाला बरड आणि खाली खोल काळी असं नेहमी सापडतं. अशा वेळी एकच पीक, एकच खत सगळीकडे टाकणं म्हणजे दोन्हीकडे चुकणं. रानाचा कागदावर नकाशा काढून तिथेच हे तुकडे पाडून घ्या.

खड्ड्याच्या भिंतीकडे नीट बघा. पांढरे चुनखडीचे खडे किती खोलीवर आहेत? मुळं कुठपर्यंत गेली आहेत? वीतभर खोलीवर मुळं आडवी वळलेली दिसली तर तिथे घट्ट थर बसला आहे. खात्रीसाठी ओल असताना एक लोखंडी सळई हातानं दाबा. वर सहज जाते आणि 5-6 इंचांवर अडते, पण जोर लावून तो थर फोडला की पुन्हा सहज उतरते, तर तो मशागतीचाच थर आहे. अडल्यावर पुढे जातच नसेल तर खाली मुरूम आहे.

आता तपासणीचा नमुना. प्रत्येक तुकड्यातून वेगळा नमुना घ्यायचा. नागमोडी चालत 8 ते 10 ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा 20 सेंटिमीटर खोल खड्डा करायचा आणि त्याच्या एका बाजूचा वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाडीचा काप घ्यायचा. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या जागेवर, जनावरं बांधायच्या ठिकाणी नमुना घेऊ नका. नुकतंच खत टाकलं असेल तर दोन-तीन महिने थांबा. सगळी माती घमेल्यात एकत्र करा, कागदावर पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेले पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा, कापडी पिशवीत भरा आणि आत गट नंबर, तुकडा, तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवा. रासायनिक खताची रिकामी गोणी किंवा गंजलेलं घमेलं वापरलं की अहवाल खोटा येतो. जिल्ह्याच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत तपासणी होते. बोरगाव (सातारा) आणि कांचनपूर (सांगली) इथल्या कृषी विज्ञान केंद्रांतही चौकशी करता येते.

अहवालात आधी तीन आकडे बघा. सामू (पीएच) 6.5 ते 7.5 उत्तम. आपल्याकडे तो 8 च्या पुढे असणं नेहमीचं आहे, पण 8.5 ओलांडला तर जमीन चोपण (सोडियम वाढून घट्ट, पाणी न मुरणारी) होत चालली आहे. क्षारता (ईसी, डेसिसायमन प्रति मीटर) 1 च्या आत हवी. सेंद्रिय कर्ब 0.40 टक्क्यांच्या खाली असेल तर कमी, 0.41 ते 0.60 मध्यम. चुना जास्त निघाला तर लोह आणि जस्त जमिनीत असूनही पिकाला मिळत नाहीत. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात तो केवडा बहुतेक वेळा यामुळेच. तिथे युरिया वाढवून उपयोग होत नाही.

2. पाणी अडवणं

समपातळी रेषा काढायला यंत्र लागत नाही. 7 फुटांच्या दोन सरळ काठ्या वर एकत्र बांधा, खालच्या पायांत 6 फूट अंतर ठेवा आणि मध्ये एक आडवी पट्टी ठोका. वरच्या टोकाला दोरीनं दगड लोंबता सोडा. चौकट जमिनीवर उभी करून दोरी पट्टीवर जिथे येते तिथे खूण करा. मग पाय अदलाबदल करून त्याच दोन जागांवर ठेवा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मधली जागा म्हणजे पाणसळ. आता एक पाय स्थिर ठेवून दुसरा पाय दोरी मधल्या खुणेवर येईपर्यंत वर-खाली सरकवा, तिथे खुंटी मारा आणि पुढे चला. वारं असेल त्या दिवशी हे काम करू नका, दोरी हलत राहते.

जुन्या बांधांकडे आधी बघा. या भागात पूर्वीच्या दुष्काळी कामांत घातलेल्या ताली (पाणी अडवणारे बांध) अजून बऱ्याच रानांत आहेत. ट्रॅक्टर वळायला अडचण होते म्हणून त्या सपाट करण्याची घाई करू नका. फुटलेली ताल दुरुस्त करणं नवीन घालण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

100 फुटांना 2 फूट उतार असेल तर दोन बांधांत साधारण 115 ते 130 फूट अंतर ठेवतात. उतार वाढला की अंतर कमी करायचं. बांधाची माती वरच्या बाजूला खड्डा घेऊन काढतात, पण सलग चर पाडू नका. मध्ये-मध्ये माती तशीच सोडा, म्हणजे चरातून पाणी पळत नाही. दर 6 इंचांच्या थराला माती धुमसून घ्या. भुसभुशीत बांध पहिल्या जोरदार पावसात बसतो आणि बसला तिथेच फुटतो.

फुटायचं दुसरं आणि मोठं कारण म्हणजे सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायची वाट, नसणं. प्रत्येक बांधाला, शक्यतो कडक मुरमाच्या जागी, माथ्यापेक्षा वीत-दीड वीत खाली सांडवा ठेवा आणि त्याच्या खाली दगडांची पिचिंग करा. सांडव्याचं पाणी शेजाऱ्याच्या रानात पडणार असेल तर त्याच्याशी आधी बोला. बांधावरची निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

बांधावर मारवेल किंवा पवना गवताचे ठोंब जुलैत लावा. मुळं माती धरतात आणि वैरण मिळते. बांधाच्या कडेनं गिरीपुष्पाची रोपं किंवा फाटे 2 फुटांवर लावले तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून हिरवा पाला मिळू लागतो. शेळ्या ताज्या गिरीपुष्पाकडे सहसा वळत नाहीत, त्यामुळे मोकळ्या चराईच्या गावातही तो टिकतो.

बांधांच्या मधल्या रानाचं काम याहून महत्त्वाचं. बांध फक्त शेवटी पाणी अडवतो. मुरवायचं ते सगळ्या रानात. शाळूचं रान पावसाळ्यात मोकळं राहतं. जूनच्या शेवटी-जुलैच्या सुरुवातीला कुळवाची पाळी देऊन सारा यंत्रानं उताराला आडवे सारे पाडा आणि मध्ये मातीचे आडवे वरंबे घालून 12 × 12 फुटांचे वाफे करा. वरंबा वीतभर उंच पुरतो. प्रत्येक वाफा एक छोटी ताटली होतो आणि पडलेली सर तिथेच मुरते. सप्टेंबरमध्ये पेरणीच्या आधी कुळवाच्या पाळीत वाफे मोडून जातात. मजुरी वाचवायला वाफे 50-60 फुटांचे केले की पाणी एका कोपऱ्यात साठतं, वरंबा फुटतो आणि खालचे सगळे वाफे ओळीनं फुटत जातात.

खरिपात बाजरी-तूर असेल तर पेरणी उताराला आडवी करा आणि महिन्याभरानं पिकाच्या दर चार-सहा तासांनंतर (ओळींनंतर) एक मृत सरी, म्हणजे पाणी मुरवायला रिकामी सरी, काढा. उताराच्या दिशेनं उभी पेरणी केली, तर पाभरीचा (पेरणीच्या अवजाराचा) प्रत्येक तास पाण्याची एक घळ बनतो.

3. शेणखत: किती, कधी, कसं

जिराईत शाळूला शिफारस आहे हेक्टरी 5 टन, म्हणजे एकरी 2 टन चांगलं कुजलेलं शेणखत. बैलगाडीत सुमारे अर्धा टन बसतो, तेव्हा एकरी चार गाड्या. एका मोठ्या जनावराचं वर्षभराचं शेण-मूत आणि गोठ्यातला केरकचरा कुजून जेमतेम एवढंच खत निघतं. म्हणून ज्याच्याकडे दोन जनावरं आणि सहा एकर रान आहे, त्यानं सगळीकडे शिंपडण्यापेक्षा दरवर्षी दोन एकरांना पूर्ण मात्रा द्यावी आणि चौथ्या वर्षी पुन्हा पहिल्या तुकड्यावर यावं.

खड्डा 10 फूट लांब, 6 रुंद, 3 खोल. भरून कुजला की साधारण एका एकराचं खत. रोजचं शेण एका टोकाकडून भरत या, थर दाबा, वर मातीचा पातळ थर द्या. गोठ्यातलं मूत वाहून जाऊ देऊ नका. गव्हाणीतली उष्टावळ आणि पालापाचोळा खाली अंथरून ते शोषून घ्या. बागायती गावातून उसाचं पाचट मिळत असेल तर 1 टन पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू ताकाइतक्या पातळ शेणकाल्यात मिसळून थराथरावर टाका. ओल कळायला मूठभर खत दाबून बघा. हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये.

अर्धवट कुजलेलं खत टाकण्याची चूक या पट्ट्यात महागात पडते. त्यात हुमणीची (मुळं खाणाऱ्या किडीची) अंडी-अळ्या रानात जातात, वाळवी येते, तणाचं बी जिवंत राहतं. शिवाय ते जमिनीत कुजताना नत्र स्वतःच ओढून घेतं आणि पीक महिनाभर पिवळं राहतं. वळवाच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे बाभूळ-कडुनिंबावर जमतात. तेव्हाच फांद्या हलवून ते गोळा करा आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. खड्डा उपसताना पांढऱ्या, वळलेल्या अळ्या दिसल्या तर ते खत रानात नेऊ नका. पसरून उन्हात उलटंपालटं करा. कोंबड्या आणि बगळे उरलेलं काम करतात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे खताचे ढिगारे रानात आठवडेच्या आठवडे उन्हात पडलेले. नत्र उडून जातं. पसरा आणि त्याच दिवशी कुळव फिरवा.

मेंढ्या बसवण्याची रीत मोडू नका. मेंढीच्या लेंडीखतात नत्र सुमारे 3 टक्के असतं, साध्या शेणखतात अर्धा टक्का. धनगर बांधव कळप घेऊन फिरताना ठरवून रात्री रानात मुक्काम करतात. त्यांच्याशी आधी बोलणी करा, माणसांना धान्य आणि मेंढ्यांना पाण्याची सोय द्या. कळपाची जागा रोज रात्री बदलायला सांगा, नाहीतर एकाच ठिकाणी खताचा थर आणि बाकी रान कोरडं राहतं. कळप उठला की दुसऱ्याच दिवशी हलकी कुळवणी करा. मुताचा वास दरवळतो आहे म्हणजे नत्र हवेत चाललं आहे.

सेंद्रिय कर्ब वाढायला वेळ का लागतो, हे एकदा समजून घेतलं की निराशा येत नाही. एका एकराच्या वरच्या 15 सेंटिमीटर मातीचं वजन भरतं सुमारे 9 लाख किलो. कर्ब 0.1 टक्क्यानं वाढवायचा तर 900 किलो कर्ब जमिनीत टिकायला हवा. 2 टन शेणखतातून जातो सुमारे 300 ते 350 किलो, आणि आपल्या उन्हात त्यातला मोठा भाग वर्षभरात जळून जातो. तेव्हा एका वर्षात कर्ब दुप्पट करून देण्याचा दावा करणाऱ्या पुडीवर पैसे घालवू नका. जीवामृतासारख्या गोष्टी वापरायच्या तर जरूर वापरा, पण त्या शेणखताच्या जागी नव्हेत. जिवाणूंना खायला आधी काडीकचरा लागतो.

म्हणूनच धसकटं जाळू नका. शाळूचा कडबा जनावरांचा आहे, तो रानात सोडा असं दुष्काळी भागात सांगणं बरोबर नाही. पण धसकटं, तुरीचा गळालेला पाला, करडईचा भुसा, बांधावरचा गिरीपुष्प हे मातीचं आहे. गिरीपुष्पाच्या कोवळ्या फांद्या फुलं यायच्या आत छाटून वाफ्यात पसरा आणि ओल असताना कुळवानं मिसळा.

तलावातला गाळ हलक्या जमिनीला वरदान आहे, मात्र हिशोबानं. एका एकरावर 1 इंच थर द्यायला 36 ब्रास गाळ लागतो. मुरमाड रानात पहिल्या वर्षी 2 इंचांपर्यंत पसरा, उन्हाळाभर तापू द्या, पहिल्या पावसानंतर ढेकळं विरघळली की मूळ मातीत मिसळा. न मिसळता जाड थर तसाच ठेवला तर वर चिकट आणि खाली मुरूम असे दोन वेगळे थर राहतात, पाणी मध्येच अडतं. आधीच भारी असलेल्या काळ्या रानात गाळ टाकू नका. गाळाची क्षारताही आधी तपासून घ्या.

4. मशागत: कमी, पण वेळेवर

खोल नांगरट दरवर्षी करायची गरज नाही. मध्यम आणि भारी जमिनीत दोन-तीन वर्षांतून एकदा, हराळी-कुंदा ही तणं माजली असतील किंवा सळई अडत असेल तर, काढणीनंतर लगेच आणि उताराला आडवी. हलक्या रानात नांगर खोल घातला की मुरूम वर येतो आणि तो पुन्हा खाली जात नाही. तिथे कुळवच पुरे.

रोटाव्हेटरनं रान दिसायला सुरेख होतं. पण माती पिठासारखी होते, पहिल्या सरीत पृष्ठभागावर साका धरतो, पाणी मुरायचं सोडून वाहतं, आणि पात्याच्या खाली थर घट्ट बसतो. जिराईत रानात तो टाळावा. ओल्या चिकट रानात ट्रॅक्टर घालणंही तसंच नुकसानीचं. मातीचा लाडू वळून कंबरेच्या उंचीवरून टाका: फुटला तर वाफसा (मशागतीजोगी ओल) आहे, चपटा झाला तर अजून दोन दिवस थांबा.

5. पेरणी आणि कोळपणी

पिकाची निवड मातीच्या खोलीवरून. अगदी बरड तुकड्यात मटकी, हुलगा, बाजरी. शाळू हलक्या जमिनीत घ्यायचा तर फुले अनुराधा किंवा फुले माऊली, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा किंवा जुनी मालदांडी 35-1, खोल काळ्या रानात फुले वसुधा. बियाणं एकरी 4 किलो. किलोला 4 ग्रॅम गंधक (300 मेश) चोळा म्हणजे काणी हा कणसाचा रोग येत नाही. त्यानंतर अझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी 25 ग्रॅम. पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर, दोन चाड्यांच्या (बी-खत सोडायच्या नरसाळ्यांच्या) पाभरीनं, दोन तासांत 45 सेंटिमीटर. एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत, म्हणजे खत ओलीत पडतं. जिराईत शाळूला सगळं खत पेरतानाच द्यायचं. हलक्या रानात एकरी अर्धी गोणी, म्हणजे 22 किलो युरिया. मध्यम रानात 35 किलो युरिया आणि 50 किलो सिंगल सुपर फॉस्फेट. नंतर कोरड्या मातीवर फेकलेला युरिया पिकाला फारसा लागत नाही.

एकाच तुकड्यात वर्षानुवर्षं शाळूच नको. फेरपालटात हरभरा किंवा करडई, खरिपात बाजरी आणि तूर 2:1 तासांनी. तूर आणि करडईची मुळं घट्ट थरातून खाली जातात आणि कुजल्यावर पाण्याला वाट ठेवतात.

आणि कोळपणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती हलवणं. काळी जमीन सुकताना भेगाळते. भेगेतून खोलवरची ओल उडते आणि मुळं तुटतात. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्यानं, पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्यानं, आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्यानं. शेवटच्या पाळीत मुख्य काम भेगा बुजवण्याचं. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुनी माणसं म्हणतात ते या भेगांमुळेच. तण नाही म्हणून तिसरी पाळी सोडणारे जानेवारीत पस्तावतात.

6. कालव्याचं पाणी आल्यावर

टेंभू, ताकारी, म्हैसाळ, उरमोडी या योजनांचं पाणी यातल्या बऱ्याच गावांत पोचलं आहे आणि पुढेही पोचेल. पाणी आलं की पहिला मोह होतो तो बांध मोडून सपाट रान करण्याचा आणि मोकाट पाणी सोडण्याचा. कृष्णाकाठी वाळवा, मिरज, पलूसकडे हजारो एकर जमीन क्षारपड झाली ती जास्त पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे. चुनखडीच्या आणि खोल काळ्या जमिनीत हे लवकर घडतं.

म्हणून पहिलं पाणी घ्यायच्या आधी पाण्याची क्षारता तपासा, विशेषतः विहीर-बोअरची. 0.75 पर्यंत निर्धास्त, 2.25 च्या पुढे असेल तर ते पाणी रानात देऊ नका. शाळूला संरक्षित पाणी द्यायचं तर पेरणीनंतर 50-55 दिवसांनी, पीक पोटरीत (कणीस अजून पानाच्या आत) असताना, एकाआड एक सरीतून एकच. उताराच्या तळाला 3 फूट खोल निचऱ्याचा चर ओढ्यापर्यंत मोकळा ठेवा. पावसाळ्यानंतर रानाच्या खालच्या कडेला पांढरी फूल (वर आलेल्या क्षारांचा थर) दिसू लागली, तर त्या जागेचा नमुना वेगळा घेऊन क्षार आणि सामू दोन्ही बघा. सामू 8.5 च्या आत आणि क्षार जास्त असतील तर जमीन क्षारयुक्त आहे. तिथे जिप्समचा उपयोग नाही, निचरा करून गोड्या पाण्यानं क्षार धुवायचे. सामू 8.5 च्या वर गेला असेल तर ती चोपण. तिथे जिप्सम लागतं, आणि किती ते प्रयोगशाळेनं काढून दिलेल्या गरजेप्रमाणेच शेणखतात मिसळून टाकायचं. ती पांढरी फूल कुठपर्यंत सरकली, त्याची रेषा दरवर्षी नोव्हेंबरमध्ये रानाच्या नकाशावर काढत जा.